एपीयू वापरताना या चुका टाळा: ए320 च्या शेपटीतले छोटे इंजिन

एअरबस ए320 विमानाच्या शेपटीच्या अगदी टोकाला जे गोल तोंड दिसते, ते एपीयूचे (ऑक्झिलरी पॉवर युनिट, म्हणजे सहायक छोटे इंजिन) धुराडे. त्याच्या पुढच्या आगरोधक कप्प्यात हनीवेलचे 131-9ए किंवा प्रॅट अँड व्हिटनीचे एपीएस3200 बसवलेले असते. शाफ्ट एकच, आणि त्यावर तीन कामे: टर्बाइन, स्वतःच्या ज्वलनासाठी हवा दाबणारा कंप्रेसर, आणि विमानाला हवा पुरवणारा लोड कंप्रेसर. हा शाफ्ट मिनिटाला सुमारे 49 हजार फेरे घेतो. गिअरबॉक्सला 90 केव्हीएचा जनरेटर जोडलेला असतो, तो 115 व्होल्ट, 400 हर्ट्झची वीज देतो. म्हणजे इंजिने बंद असतानाही दिवे, एसी आणि इंजिन सुरू करण्यापुरती दाबाची हवा विमानाला घरचीच मिळते.

हातातले काम एका बटणाचे असल्यामुळे एपीयू घरातल्या पंख्यासारखा वापरला जातो: लावला, बंद केला, निघालो. पण हे गॅस टर्बाइन आहे. सुरू होताना आणि बंद होताना त्याला हवा तेवढा वेळ मिळाला नाही, की त्याची किंमत पुढच्या पाळीतल्या माणसाला मोजावी लागते. खाली दिलेले आकडे ए320 कुटुंबाचे आहेत. तुमच्या विमानाच्या एफसीओएम (वैमानिकांची कार्यपुस्तिका) आणि मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये वेगळे असेल तर तेच पाळायचे.

सुरू करतानाच्या चुका

पहिली चूक स्टार्ट बटणाच्याही आधी होते. रात्रभर उभ्या विमानात बॅटऱ्यांचा व्होल्टेज न बघताच थेट मास्टर स्विच दाबला जातो. दोन्ही बॅटऱ्या 25.5 व्होल्टच्या वर हव्यात. कमी असतील तर बाहेरची वीज लावून साधारण 20 मिनिटे चार्ज होऊ द्या आणि पुन्हा बघा. बॅटरीवरच सुरू करायचे असेल, तर बॅटऱ्या ऑन केल्यापासून 30 मिनिटांच्या आत करा. 35 मिनिटांनंतर त्यांच्यात पाव क्षमताही उरत नाही. कॉकपिटमध्ये बसून कागदपत्रे भरताना हा वेळ कसा जातो ते कळतच नाही.

मग एपीयूची फायर टेस्ट. ती वगळण्याला कोणतेही कारण पुरेसे नाही. जमिनीवर आग लागली तर एपीयू आपोआप बंद होतो आणि त्याची आग विझवणारी एकमेव बाटलीही आपोआप सुटते, पण हे सगळे त्या शोधयंत्रणेवर अवलंबून आहे जी तुम्ही नुकतीच तपासली नाही.

मास्टर स्विच दाबल्यावर ईसीबी (एपीयूचा नियंत्रक संगणक) स्वतःची चाचणी घेतो, इंधनाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि शेपटीखालचा हवेचा फ्लॅप उघडू लागतो. किमान 3 सेकंद थांबून मग स्टार्ट दाबा. फ्लॅप पूर्ण उघडल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. म्हणून ‘स्टार्ट दाबला पण काहीच होत नाही’ अशी तक्रार आली की आधी इकॅमच्या (यंत्रणांची माहिती दाखवणारा कॉकपिटमधला पडदा) एपीयू पानावर ‘फ्लॅप ओपन’ आले का ते बघा. बटण पुन्हा पुन्हा दाबून काही साधत नाही.

सर्वांत महाग चूक म्हणजे स्टार्टरला दमवणे. तीन प्रयत्न झाले की 60 मिनिटे थांबायचे, मगच पुढचे तीन. हा डीसी स्टार्टर बॅटरीकडून प्रचंड करंट ओढतो, आत कार्बनचे ब्रश असतात आणि उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे फारसे काही नसते. उशीर झालेल्या विमानात चौथा प्रयत्न ‘एकदाच करून बघू’ म्हणून होतो, आणि जळक्या वासासकट स्टार्टरच बदलावा लागतो.

प्रयत्न फसला तर दोन आकडे लगेच टिपून ठेवा: एन (शाफ्टचा वेग) किती टक्क्यांपर्यंत गेला आणि ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान) किती वाढली. निम्मे निदान या जोडीतच असते. एन हललाच नाही, तर बॅटरी, स्टार्टर किंवा फ्लॅप. एन वर चढला पण ईजीटी थंडच राहिली, म्हणजे ज्योत पेटलीच नाही: इग्नायटर किंवा इंधन. एन रेंगाळत चढतो आणि ईजीटी मात्र झपाट्याने वर जाते, तेव्हा स्टार्टरचा जोर कमी पडतोय किंवा इंधनाच्या नोझलवर काजळी धरून फवारा बिघडलाय. स्टार्टर साधारण 50 ते 55 टक्क्यांवर सुटतो. त्याच सुमाराला वेग अडखळत असेल तर तेही लिहा. हे न नोंदवता सर्किट ब्रेकर ओढून रिसेट करणारा माणूस मागून येणाऱ्या टेक्निशियनच्या हातातला पुरावाच पुसून टाकतो. ईसीबीने साठवलेला दोष एमसीडीयूवर (कॉकपिटमधला कीपॅडचा पडदा) वाचा, लॉगबुकमध्ये उतरवा, मग पुढे जा. ‘एपीयू यू/एस’ (निकामी) एवढीच नोंद कोणाच्याही उपयोगाची नाही.

विमानात इंधन भरणे चालू असेल तर अजून एक बंधन येते. एरवी त्या वेळी एपीयू सुरू किंवा बंद करता येतो, पण आधीचा प्रयत्न फसला असेल किंवा एपीयू आपोआप बंद पडला असेल, तर इंधन भरून होईपर्यंत पुन्हा सुरू करायचा नाही. इंधन सांडले तर तो नेहमीच्या पद्धतीने बंद करा.

ब्लीडची घाई

‘अव्हेल’ (एपीयू तयार) हिरवे दिसताच हात ब्लीडच्या, म्हणजे एपीयूची दाबाची हवा घेण्याच्या, बटणाकडे जातो. एक मिनिट जाऊ द्या. वीज लगेच घेतली तर चालते, कारण जनरेटरचा भार मर्यादित असतो. लोड कंप्रेसरवर हवेचा भार आला की टर्बाइनचे तापमान एकदम चढते, आणि नुकतेच तापलेले धातूचे भाग अजून एकसारखे फुगलेले नसतात.

नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांवर असतो तेव्हाची नेहमीची तक्रार: ‘एपीयू अशक्त झालाय, केबिन थंडच होत नाही.’ बहुतेक वेळा एपीयू ठरल्याप्रमाणेच वागत असतो. गरम हवा विरळ असते. ईजीटी मर्यादेला टेकली की ईसीबी लोड कंप्रेसरच्या तोंडाशी असलेल्या पात्या मिटवत नेतो आणि हवा कमी करतो, कारण विजेला पहिला मान आहे. आधी विजेचा भार कमी करा: चालू राहिलेले ओव्हन, नको असलेले दिवे. खिडक्यांच्या झडपा खाली ओढा, नको ते दरवाजे लावून घ्या. एवढे करूनही केबिन तापलेलीच असेल, तर मग एपीयूकडे वळा.

इथेच बाहेरून थंड हवेचा पाइप जोडताना गोंधळ होतो. पॅक (विमानाचे स्वतःचे एसी यंत्र) चालू ठेवून त्याच वेळी एलपी (कमी दाबाच्या) ग्राउंड युनिटची हवा देऊ नका. नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा सोडणारे) व्हॉल्व्ह थडथडू लागतात आणि झिजतात. इंजिन सुरू करण्यासाठीचे एचपी (जास्त दाबाचे) युनिट जोडलेले असेल तेव्हा एपीयूचे ब्लीड बंदच हवे, नाहीतर ब्लीड यंत्रणेचे नुकसान होते.

तेल आणि वास

केबिनमध्ये ओल्या, न धुतलेल्या मोज्यांसारखा वास आला की संशय थेट एपीयूच्या सीलवर जातो. सील दोषी असूही शकते. पण आधी गिअरबॉक्सवरची काच बघा. ‘ॲड’ आणि ‘फुल’ या दोन खुणांमध्ये तेल असायला हवे. खालच्या खुणेजवळ पातळी दिसली की ‘राहू दे, थोडे जास्तच’ म्हणून वरच्या खुणेच्या पलीकडे ओतले जाते. ते जास्तीचे तेल गिअरमध्ये घुसळते, तापते, फेसाळते आणि सीलच्या पलीकडे वाट काढते. तिथून ते लोड कंप्रेसरच्या हवेत, तिथून पॅकमध्ये आणि तिथून प्रवाशाच्या नाकात. एक कॅन वाचवायचा नाही, म्हणून एक कॅन जास्त ओतायचा हेही चूकच. खरे तर घाईने तेल ओतायची गरजही नसते: इकॅमवर ‘लो ऑइल लेव्हल’ आले तरी एपीयू चालवता येतो, फक्त पुढच्या 10 एपीयू-तासांच्या आत दुरुस्ती व्हायला हवी.

वास कुठून येतो ते शोधायला सोपी पद्धत आहे. एपीयूचे ब्लीड लावल्यावर वास येतो आणि इंजिनाच्या ब्लीडवर गेल्यावर विरतो, तर मूळ एपीयूकडे. दोन्हीकडे येतच राहिला, तर तेल पॅकमध्ये आणि नळ्यांत आधीच बसलेले आहे. अशा वेळी एपीयू बदलला तरी वास जात नाही, नळ्या साफ कराव्याच लागतात. नुसता एपीयू बदलून विमान सोडले आणि दुसऱ्याच दिवशी तीच तक्रार परत आली, असे होते ते यामुळेच.

कधी तर दोष एपीयूचा नसतोच. त्याचे हवेचे तोंड पोटाखाली आहे. हायड्रॉलिकचे तेल पोटावरून मागे ओघळत आले की ते आत ओढले जाते. त्या तोंडाभोवतीचा पत्रा कापडाने पुसून बघा, कापडावर जांभळट डाग आला तर एपीयूऐवजी पुढे कुठे गळतेय ते शोधा. डी-आयसिंग (विमानावरचा बर्फ काढणे) होत असताना ब्लीड बंद ठेवायचे तेही याच कारणाने.

बंद करताना

ब्लीड वापरात असेल तर मास्टर स्विच बंद केल्यावरही एपीयू थंड होण्यासाठी 60 ते 120 सेकंद फिरत राहतो. ‘बंद होत नाहीये’ असे समजून बाहेरच्या पॅनेलवरचे एपीयू शट ऑफ किंवा फायर बटण दाबले जाते. ती आणीबाणीची बटणे आहेत. त्यांनी इंधन एकदम तुटते आणि तापलेली टर्बाइन जशीच्या तशी थांबते.

दुसरी चूक घरी जायच्या घाईतली. ‘अव्हेल’चा दिवा विझताच बॅटऱ्या ऑफ. फ्लॅप अजून मिटत असतो, आणि वीज गेली की तो आहे तिथेच अडकतो. पुढच्या उड्डाणात केबिनमध्ये धूर येऊ शकतो. दिवा विझल्यावर साधारण 2 मिनिटे थांबा. दिवसा शक्य असेल तर खाली उतरून शेपटीखाली नजर टाका: फ्लॅप पोटाच्या पत्र्याशी सपाट बसलेला दिसला पाहिजे.

हवेतला एपीयू

एपीयू फक्त जमिनीवरचा, अशी समजूत वैमानिकीच्या विद्यार्थ्यांमध्येही आढळते. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कला यूएस एअरवेजच्या ए320 ची दोन्ही इंजिने पक्ष्यांमुळे निकामी झाली, तेव्हा कॅप्टन सलेनबर्गर यांनी चेकलिस्टमधल्या क्रमाची वाट न पाहता लगेच एपीयू सुरू केला. त्यामुळे विमानाला वीज मिळत राहिली आणि हडसन नदीवर उतरेपर्यंत उड्डाण-नियंत्रणाची संरक्षणे कायम राहिली. मात्र हवेत त्याच्या मर्यादा पक्क्या असतात: फक्त बॅटरीवर तो 25,000 फुटांच्या वर सुरू करायचा नाही, दोन्ही पॅकना हवा 15,000 फुटांपर्यंत, एका पॅकला 22,500 फुटांपर्यंत, आणि पंखांवरच्या बर्फासाठी त्याची हवा कोणत्याही उंचीवर वापरायची नाही.

इंधनाचा हिशोब शेवटी राहूनच जातो. पॅकसकट चालणारा एपीयू तासाला 100 ते 130 किलो पितो, तेही डाव्या बाजूच्या पुरवठ्यातून. उशिरामुळे दोन तास स्टँडवर थांबावे लागले, तर सुमारे पाव टन इंधन जागच्या जागी संपलेले असते. डिस्पॅचला (उड्डाणाचे नियोजन करणारा विभाग) ते वेळेवर कळवा आणि स्टँडवर 400 हर्ट्झची वीज उपलब्ध असेल तर ती आधी मागा.