कॅम्परव्हॅन घेऊन सहकुटुंब निघताय? या चुका टाळा

आत नवे पडदे, रंगीत दिवे, मोठा टीव्ही आणि स्टेपनीत हवा नाही. अशा कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्या, हिवाळ्यात वेरूळ-म्हैसमाळच्या रस्त्यावर हमखास दिसतात. आत लेकरंबाळं असतात, म्हणून जास्त राग येतो.

मोकळं रान दिसलं की गाडी आत घालणं

मराठवाड्यात ही चूक सगळ्यात महागात पडते. काळी माती वाळलेली असताना दगडासारखी टणक लागते. पाऊस पडला की तीच फुगते आणि चाकाखालून सरकते. त्यात आपली गाडी जड; नुसतं १०० लिटर पाणी भरलं तरी १०० किलो वजन वाढतं.

परतीच्या पावसात अंबाजोगाईजवळ ओळखीच्या एका कुटुंबानं तुरीच्या रानाकडेला मुक्काम टाकला. रात्री पाऊस झाला, सकाळी मला फोन आला. जाऊन बघतो तर मागची चाकं निम्मी मातीत. गाडीमालक ॲक्सिलेटर दाबतच होता. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती आणि गाडी आणखी खाली बसत होती. मागं उभं राहून थोरला मुलगा ढकलत होता. त्याला आधी बाजूला काढलं. शेजारचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. "दादा, आधी गाडी बंद करा," एवढंच म्हणाले. तोवर कुणीतरी घाईघाईत दोर बंपरला बांधला होता. पहिल्याच हिसक्याला बंपर हातात आला. मग खोऱ्यानं चाकांपुढची माती उकरली, तुराट्या अंथरल्या, दोर चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकाला लावला, तेव्हा कुठं गाडी हलली. यात दुपार झाली.

माझी सवय सांगतो. माती काळी दिसली की गाडी डांबरावरून खाली उतरवतच नाही, मग ती कितीही वाळलेली असो. मुरमाड जागाच शोधतो, शेतमालकाला विचारतो, "पाऊस आला तर पाणी कुठून वाहतं?" आणि तोंड रस्त्याकडं करूनच गाडी लावतो. नाल्याच्या पात्रात तर कधीच नाही. वर कुठं पाऊस झाला तर इथं कळतही नाही.

गॅसच्या बाबतीत चालवून घेणं

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. त्यामुळं वरची खिडकी उघडी आहे हे समाधान खोटं. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारी जाळी पाहिजे. सिलिंडर उभा आणि पट्ट्यानं आवळलेला. निघायच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावतो. बुडबुडा आला तर दुरुस्ती होईपर्यंत निघायचं नाही, मग पाहुणे वाट बघत असले तरी. काडी ओढून गळती तपासणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यासोबत लेकरं पाठवू नका. झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद.

थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावणं हा तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. त्याचा अलार्म मिळतो, तो बसवा. पडद्याचे पैसे तिकडं वळवा.

बाकीच्या चुका

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका. या गाड्या महिनोन्महिने उभ्याच असतात आणि रबर वयानं तडकतं. कडेवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

मे महिन्यात समृद्धी महामार्गावर टायर तापून हवा जास्त दाखवली तर ती काढू नका. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची.

कन्नडचा औट्रम घाट उतरताना खालचा गिअर. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि लागेनासा होतो.

वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नका. पत्र्याच्या बंद गाडीत काचा लावून बसा, पत्र्याला हात लावू नका.

फ्यूज उडाला तर जागी तार गुंडाळू नका. तो का उडाला ते शोधा.