नाशिकहून परदेशात परिचारिका म्हणून नोंदणी कशी मिळवावी

परदेशात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी दोन स्वतंत्र परवानग्या लागतात. एक त्या देशात राहून नोकरी करण्याची, म्हणजे व्हिसा. आणि दुसरी रुग्णसेवा करण्याची, म्हणजे तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी. कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरातले एजंटांचे फलक बहुतेक पहिलीविषयी बोलतात, पण खरा वेळ खाते ती दुसरी. ही नोंदणी कोणताही एजंट देऊ शकत नाही. तो फार तर अर्ज भरून देतो. त्यामुळे अर्जाचे ऑनलाइन खाते स्वतःच्या ईमेलवर उघडावे आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्याही हाती देऊ नये.

पहिली पायरी : एकच देश ठरवावा

एकाच वेळी तीन देशांची तयारी केली की तिन्ही ठिकाणचे शुल्क भरले जाते आणि हाती काहीच लागत नाही, म्हणून आधी निवड करावी. आखाती देशांची वाट तुलनेने जवळची आहे: कागदपत्रांची पडताळणी, परीक्षा केंद्रावरची संगणकीय परीक्षा आणि मग परवाना. दुबईसाठी डीएचए, अबू धाबीसाठी डीओएच आणि सौदी अरेबियासाठी एससीएफएचएस अशा परवाना देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत आणि कामाच्या अनुभवाची अटही एकसारखी नाही. ब्रिटनमध्ये एनएमसीकडे, म्हणजे तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, नोंदणी करावी लागते. जर्मनीत भाषेला सर्वाधिक महत्त्व असून साधारणपणे बी-२ पातळीचे जर्मन लागते; तिथले राज्य आपल्या अभ्यासक्रमातील उणिवांची यादी देते आणि त्या भरून काढण्यासाठी प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. अमेरिकेची एनसीएलईएक्स-आरएन ही परिचारिकांची परवाना परीक्षा भारतातून देता येते, परंतु भारतीयांसाठी ईबी-३ या ग्रीन कार्डच्या प्रवर्गातील प्रतीक्षा दहा वर्षांहून अधिक लांबलेली आहे. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि तिथे पोहोचणे यांत किती अंतर आहे, हे शिकवणी वर्गाचे शुल्क भरण्याआधी समजून घ्यावे.

दुसरी पायरी : नाव सगळीकडे एकच करावे

हे काम किरकोळ वाटते, पण महाराष्ट्रातील अर्जदार सर्वाधिक इथेच अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव असते; पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोन रकाने असतात; नर्सिंगची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण सासरच्या नावाचे, असेही सर्रास आढळते. लग्नानंतर काही घरांत पाळण्यातले नावसुद्धा बदलते. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. दुबईत किंवा लंडनमध्ये अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात.

म्हणून पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका, नर्सिंगची पदविका किंवा पदवी, कौन्सिलचे प्रमाणपत्र आणि अनुभवपत्रे टेबलावर शेजारी शेजारी मांडून प्रत्येकावरील नाव व जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. लग्नामुळे नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते, आणि स्वतःचे नावच बदलले असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीही जवळ असावी. ज्यांचा अर्ज अजून सुरू झालेला नाही आणि पासपोर्ट काढायचा आहे, त्यांनी सासरचे नाव लावण्याची घाई न करता शैक्षणिक कागदांवरील नावच ठेवावे, असे माझे मत आहे. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

तिसरी पायरी : मूळ संस्थांकडून पडताळणी

परदेशी नियामक तुमच्या हातातील प्रतीवर विश्वास ठेवत नाहीत. ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाच विचारतात. आखाती देशांसाठी हे काम प्रामुख्याने डेटाफ्लो ही कंपनी करते. इथे नाशिककरांची एक सोय आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच असल्यामुळे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना ट्रान्सक्रिप्टसाठी (अभ्यासक्रम व गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) परगावी जावे लागत नाही. जीएनएम ही नर्सिंगची पदविका झालेल्यांचा संबंध मात्र मुंबईतील परीक्षा मंडळाशी येतो, आणि नोंदणीची पडताळणी व गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचे) प्रमाणपत्र महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून, म्हणजे तेही मुंबईहूनच, मिळते. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येते. तरी कोणते काम ऑनलाइन होते, हे तिकीट काढण्याआधी पाहावे. ज्यांनी कर्नाटकात नर्सिंग करून तिथली नोंदणी नंतर महाराष्ट्रात आणली, त्यांनी दोन्ही राज्यांच्या कौन्सिलकडून पडताळणी लागेल असे गृहीत धरावे. नोंदणीची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाशिवाय पुढे जाऊच नये.

अनुभवपत्रात पद, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, तसेच पूर्णवेळ की अर्धवेळ हे स्पष्ट असावे. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे पडताळणीचा ईमेल आल्यावर त्याला उत्तर देणारे कोणी रुग्णालयात असावे. लहान नर्सिंग होममध्ये असा ईमेल कित्येकदा न वाचताच पडून राहतो, म्हणून डॉक्टरांना किंवा प्रशासकांना आधी प्रत्यक्ष भेटून सांगून ठेवावे. पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी जपाव्यात. अनुभव वाढवून लिहून देण्याची तयारी कोणी दाखवली तर ती नाकारावी. खोटा कागद पकडला गेला की प्रतिकूल अहवाल लागतो आणि पुढच्या अर्जांनाही तो आडवा येतो.

अपोस्टीलची, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रमाणीकरणाची, घाई करू नये. सौदी अरेबियात २०२२ पासून अपोस्टील चालते, तर संयुक्त अरब अमिरातीसाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशा क्रमाने साक्षांकन करून घ्यावे लागते.

चौथी पायरी : भाषा आणि परीक्षा

ब्रिटनसाठी आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत किमान ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात; ओईटी ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजी परीक्षा दिल्यास तीन विभागांत बी आणि लेखनात सी प्लस. ओईटीमधील प्रसंग रुग्णालयातलेच असल्याने वॉर्डात काम करणाऱ्यांना ती परीक्षा अधिक ओळखीची वाटते. निकाल साधारण दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून कागदपत्रे मार्गी लागण्याआधी ही परीक्षा देऊन टाकू नये.

त्यानंतरची ब्रिटनच्या एनएमसीची संगणकीय परीक्षा भारतात देता येते. तिच्या पहिल्या भागात औषधमात्रेच्या गणिताचे १५ प्रश्न असतात, तर दुसऱ्यात परिचर्येचे १०० प्रश्न असतात. शेवटची ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते आणि तिच्यात १० टप्पे असतात. हात कधी धुतले, रुग्णाची ओळख कशी पटवली, संमती कोणत्या शब्दांत मागितली, हे सारे तिथे मोजले जाते. आपल्याकडे एका पाळीत पन्नास कामे उरकताना या गोष्टी मनातल्या मनात होतात. तिथे त्या मोठ्याने बोलून दाखवाव्या लागतात, आणि ही सवय नाशिकच्या वॉर्डातच लावून घेता येते.

पाचवी पायरी : नोकरी, करार आणि प्रस्थान

भरती संस्था परवानाधारक आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. घेतलेल्या रकमेची पावती मागावी. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार तर आरोग्य क्षेत्रातील भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेणेच मान्य नाही. तिथे परदेशातून केअर वर्कर म्हणून जाण्याचा व्हिसा २२ जुलै २०२५ पासून बंद झाला आहे, तेव्हा ‘आधी केअर वर्कर म्हणून जा, नंतर नर्स व्हा’ असे सांगणाऱ्याला लाखो रुपये देऊ नयेत.

करारात मूळ पगार, कामाचे तास, निवास आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरावी लागणारी रक्कम हे चार मुद्दे घरी शांतपणे वाचावेत. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्राची मुदत अल्प असते, म्हणून पासपोर्ट सेवा केंद्रातील तो अर्ज व्हिसाच्या तोंडावर करावा. निघताना इथल्या कौन्सिलच्या पुढील नूतनीकरणाची तारीख घरातील एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे लिहून ठेवावी, कारण पुढे देश बदलायचा झाला तरी गुड स्टँडिंग पुन्हा याच कौन्सिलकडे मागावे लागते.