मोकॅपचे कॅमेरे लावताना: रेकॉर्ड दाबायच्या आधी काय काय करायचं

मोकॅप म्हणजे मोशन कॅप्चर, माणसाची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपून कॉम्प्युटरवर घेणं. त्यातल्या मार्करवाल्या प्रकाराबद्दल (मार्कर म्हणजे अंगावर लावायचे छोटे चमकणारे गोळे) एक गोष्ट आधी डोक्यात फिट करून घ्या. सॉफ्टवेअरला तुमचा माणूस दिसतच नाही, त्याला दिसतात नुसते पांढरे ठिपके. लेन्सभोवती इन्फ्रारेड एलईडीची रिंग असते, तिचा उजेड अंगावरच्या मार्करवर पडून सरळ कॅमेऱ्याकडेच परत येतो, काळ्या फ्रेममधे ठिपका उमटतो आणि तोच मार्कर दोन किंवा जास्त कॅमेऱ्यांना दिसला की सॉफ्टवेअर त्याची थ्रीडी जागा काढतं. सॉफ्टवेअर ऑप्टिट्रॅक कंपनीचं मोटिव्ह वापरा नाहीतर व्हायकॉनचं, बटणांची नावं बदलतात, धडपड तीच: मार्कर सोडून दुसरं काही चमकता कामा नये.

म्हणून आधी खोली बघा. खिडकी असेल तर जाड पडदा लावा, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि पातळ पडद्याने भागत नाही. फरशी चकचकीत असेल तर मॅट टाका, स्टीलच्या खुर्च्या बाहेर काढा. शूजवरची रिफ्लेक्टिव्ह पट्टी हमखास विसरली जाते, तिच्यावर काळी टेप मारायची.

कॅमेरे उंचावर, थोडे खाली झुकवून, चारी बाजूंनी. सगळे एकाच उंचीवर लावू नका, आणि दोन कॅमेरे एकमेकांना चिकटून तर नकोतच, कारण दोघांना जवळपास सारखंच दिसतं आणि मार्कर किती लांब आहे याचं गणित कच्चं येतं. हिशोबाला दोन कॅमेरे पुरतात हे खरंय, पण माणूस वळला की हात पोटाआड जातो, त्यामुळे प्रत्येक मार्कर कायम तीनेक कॅमेऱ्यांना तरी दिसेल असं बघा. ट्रायपॉडपेक्षा भिंतीवरचा क्लॅम्प बरा, ट्रायपॉडला कोणी ना कोणी धडकतंच.

केबलचं काम सोपं आहे, नेटवर्कवाले कॅमेरे असतील तर पीओई स्विचमधून एकाच वायरने वीज पण जाते आणि डेटा पण. कॅमेऱ्यांसाठी पीसीला वेगळं नेटवर्क कार्ड ठेवा, त्यावर इंटरनेट नको. सगळे दिवे लागलेत पण सॉफ्टवेअरमधे कॅमेरे दिसत नाहीत, असं झालं तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या. आणि चालू केल्या केल्या कॅलिब्रेशनला, म्हणजे कोणता कॅमेरा कुठे आहे हे सॉफ्टवेअरला शिकवायला, बसू नका, कॅमेरा तापला की किंचित फरक पडतो, आधी जरा गरम होऊ द्या.

आता सेटिंग. मधोमध एक मार्कर ठेवा, कॅमेरा ग्रेस्केल मोडला टाका आणि झूम करून त्याची कडा स्पष्ट होईपर्यंत फोकस फिरवा. मग एक्स्पोजर कमी करत जा, मार्कर ठसठशीत राहिले पाहिजेत आणि बाकीचं काळं झालं पाहिजे. थ्रेशोल्ड म्हणजे किती उजळ पिक्सेल मोजायचा त्याची मर्यादा, ० ते २५५ मधली. ती कमी ठेवली की कचरा आत येतो, फार वाढवली की लांबचे मार्कर गायब. फ्रेम रेट साध्या हालचालीला १२० पुरे, उगाच वाढवू नका, रेट वाढला की प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायला वेळ कमी मिळतो.

एवढं करूनही थोडे ठिपके उरतातच, मुख्य म्हणजे समोरच्या कॅमेऱ्यांच्या रिंगा. त्यांच्यासाठी मास्क, म्हणजे फ्रेमचा तेवढा भाग सॉफ्टवेअरला दुर्लक्ष करायला सांगणं. पण मास्क म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यावर लावलेली पट्टी, तेवढ्या भागात नंतर खरा मार्कर आला तरी तो दिसणार नाही. त्यामुळे मास्क दाबायच्या आधी सगळे मार्कर, सूट, वँड (मार्कर लावलेली, ठरलेल्या मापाची कॅलिब्रेशनची काठी), खिशात राहिलेला एखादा सुटा मार्कर सुद्धा, खोलीबाहेर. आणि अर्धी फ्रेम मास्कने भरत असेल तर मास्क करत बसू नका, चमकणारी वस्तू शोधून झाका.

मग कॅलिब्रेशनसाठी वँड फिरवायचा. सॉफ्टवेअरला खरं माप कळायचं साधन म्हणजे हा वँड, म्हणून यादीत आपलाच वँड निवडलाय ना ते बघा. हातात ५०० मिमीचा आणि सॉफ्टवेअरला वाटतंय २५० मिमीचा, तर १७० सेंटीमीटरचा माणूस ८५ चा येईल. मास्कसाठी बाहेर ठेवलेले मार्कर अजून बाहेरच असू द्या. वँड इंग्रजी आठच्या आकारात, निवांत, जमिनीलगतपासून डोक्याच्या वर हात पोचेल तिथपर्यंत, कोपऱ्यांत पण फिरवा. स्क्रीनवर प्रत्येक कॅमेऱ्याचे सँपल, म्हणजे त्याने टिपलेल्या वँडच्या नोंदी, वाढताना दिसतात, एखादा मागे पडला तर त्याच्यासमोर जा. हजार ते चार हजार सँपल झाले की थांबा, जास्त घेऊन रिझल्ट सुधारत नाही. नंतर मार्कर लावलेली एल आकाराची पट्टी जमिनीवर ठेवून ग्राउंड प्लेन, म्हणजे जमीन कुठे आहे ते, सेट करा, पट्टी सपाट बसली पाहिजे, नाहीतर कॅरेक्टर उतारावर चालल्यासारखं दिसेल.

कॅलिब्रेशननंतर एक जरी कॅमेरा हलला तरी परत करायचं. "थोडंसंच हललं" हे चालत नाही.

माणसाला सूट घट्ट हवा, ढगळ कापडावरचा मार्कर हाडाबरोबर न हलता कापडाबरोबर हलतो. मोटिव्हच्या बेसलाइन नावाच्या मार्कर-सेटमधे ३७ मार्कर असतात, आकृतीत दाखवलेल्या जागीच लावा, पण दंड, मांडी, पोटरीवरचे डावे-उजवे जरा वरखाली ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर बाजू ओळखायला चुकत नाही. मग टी-पोज: पाय खांद्याइतके लांब, हात आडवे सरळ, नजर समोर. इथे कोपर वाकलं असेल तर ते वाकडेपण पुढच्या प्रत्येक टेकमधे येतं, म्हणून या पोजसाठी वेळ घ्या, कंटाळा आला तरी.

प्रत्येक टेकच्या (एका रेकॉर्डिंगच्या) सुरुवातीला आणि शेवटी टी-पोज घ्या, टेकला नीट नाव द्या. "टेक ००१ फायनल नवीन" असली नावं आठवड्याने तुम्हालाच कळणार नाहीत.

रेकॉर्डिंगनंतरच्या क्लीनअपमधे आधी मार्करची अदलाबदल झालेली लेबलं (नावं) दुरुस्त करा, मग गॅप, म्हणजे मार्कर न दिसलेल्या फ्रेम, भरा, स्मूदिंग (हालचालीतली थरथर घालवणं) सगळ्यात शेवटी. छोटी गॅप क्यूबिक पर्यायाने (आधीनंतरच्या जागा वक्ररेषेने जोडून) भरते, मोठी असेल तर शेजारच्या मार्करच्या हालचालीवरून भरणारा पर्याय घ्या. स्मूदिंग हात राखून करा, जास्त झालं की उडी आणि ठोसा दोन्ही मऊ पडतात. शेवटी फाइल एक्स्पोर्ट करताना फॉरमॅट: अॅनिमेशनसाठी एफबीएक्स किंवा बीव्हीएच, शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या बायोमेकॅनिक्सवाल्यांना सीथ्रीडी. मोटिव्हमधे वरची दिशा वाय आहे, ब्लेंडर आणि अनरियल या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे झेड, त्यामुळे फाइल उघडल्यावर माणूस आडवा झोपलेला दिसला तर कॅप्चर बिघडलेलं नाही, इम्पोर्टमधे अॅक्सिस बदला.