दातांच्या सणकेवरचं संशोधन वाचताना या चुका टाळा

‘आठ आठवड्यांत सणक निम्म्यावर आली’ असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: तुलनेसाठी साधी टूथपेस्ट दिलेल्या दुसऱ्या गटाची किती उतरली? दात शिवशिवण्यावरच्या संशोधनात सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

या चाचण्यांत साधी टूथपेस्ट वापरणाऱ्यांनाही आराम पडतो, आणि तो बऱ्यापैकी असतो. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचं प्रमाण 20 ते 60 टक्क्यांपर्यंत सांगितलं गेलं आहे. याची कारणं अनेक आहेत. कळा फार वाढल्या की माणूस चाचणीत नाव घालतो, पुढे त्या आपसूक थोड्या उतरतात. कोणीतरी तपासणार आहे म्हटल्यावर ब्रशही नीट, वेळेवर होतो. आपल्यावर उपचार चाललेत या विश्वासानेही दुखणं हलकं वाटतं.

शिवाय तुलनेसाठी दिलेली ‘साधी’ पेस्ट अगदीच निष्क्रिय नसते. हिरडी खाली सरकली किंवा दातावरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, झिजलं की आतलं डेंटिन उघडं पडतं. त्यात सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. गार हवा, गार पाणी, गोड किंवा आंबट लागलं की तो द्रव हलतो, आतली मज्जातंतूंची टोकं चाळवतात आणि सणक उठते. स्वीडनच्या ब्रानस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात पुढे आणलेली ही उपपत्ती आजही सर्वाधिक मान्य आहे. नलिकेची रुंदी दुप्पट झाली, तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळापट होतो. उलट बाजूने पाहा: नलिकेचं तोंड थोडंसं अरुंद झालं तरी प्रवाह झपाट्याने घटतो. साध्या पेस्टमधले सिलिकासारखे घासणारे कण आणि लाळेतली कॅल्शियम-फॉस्फेटची खनिजं हे काम काही प्रमाणात करतातच.

त्यामुळे एकाच गटाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे औषधाचा गुण सांगत नाहीत. पाहायचा तो दोन गटांमधला फरक. ‘औषधाच्या गटात घट लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये इतकी), साध्या गटात लक्षणीय नाही, म्हणून औषध सरस’ हा युक्तिवादही चूक आहे. दोन्ही गट एकमेकांसमोर ठेवून तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. प्रबंधांमध्ये ही चूक सर्रास दिसते आणि मार्गदर्शकांनी ती तिथेच थांबवायला हवी.

मोजमाप कसं केलं, ते वाचा

हवेच्या फवाऱ्याची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. तपासणारा शेजारचे दात बोटांनी झाकतो, दंतवैद्याच्या खुर्चीला जोडलेल्या सिरिंजमधून साधारण एक सेंटिमीटरवरून सेकंदभर हवा सोडतो आणि शिफ मापनश्रेणीवर 0 ते 3 असा गुण देतो. काहीच प्रतिक्रिया नाही, तर 0. जाणवलं पण थांबवायला सांगितलं नाही, तर 1. थांबवायला सांगितलं किंवा रुग्णाने मान बाजूला घेतली, तर 2. दुखलं असं सांगून थांबवायला लावलं, तर 3. म्हणजे गुण देणारा नजरेने अंदाज घेत असतो. कोणाला कोणती पेस्ट दिली आहे हे त्याला कळलं, तर 1 आणि 2 मधली रेघ सहज सरकते. तपासणारा कायम एकच होता का आणि त्याला गट माहीत नव्हता ना, या दोन गोष्टी शोधनिबंधात सापडल्या नाहीत तर बाकी आकड्यांवर विसंबू नये.

1997 मध्ये हॉलंड आणि सहकाऱ्यांनी या चाचण्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एकापेक्षा जास्त उद्दीपनं (हवा, गार पाणी, स्पर्श अशी सणक उठवणारी साधनं) वापरा आणि कमी त्रासाचं आधी घ्या, हे त्यांतलं मला सर्वांत उपयोगी वाटतं. गार पाण्याने दात आधीच चाळवला असेल, तर त्यानंतरच्या हवेच्या गुणाला फारसा अर्थ उरत नाही.

चाचणीत मोजलेलं आणि माणसाला एरवी जाणवलेलं जुळेलच असंही नाही. पोटॅशियमयुक्त पेस्टवरच्या 2006 च्या कॉक्रेन आढाव्यात (एका विषयावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अहवालात) हवेच्या आणि स्पर्शाच्या चाचणीत फायदा दिसला, पण रुग्णांच्या स्वतःच्या अनुभवात लक्षणीय फरक आढळला नाही. निष्कर्ष फक्त एका रकान्यावरून काढला असेल, तर दुसरा रकाना शोधा.

दात मोजले की माणसं?

सणकेवरच्या लेझर उपचाराच्या 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात 936 माणसं आणि 2296 दात होते. एका तोंडातल्या तीन दातांची लाळ एक, आहार एक, घासणारा हातही एकच. त्यांना तीन स्वतंत्र रुग्ण धरलं की पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम भासतो. त्या आढाव्यानेही लेझरचा फायदा असू शकेल, पण पुरावा मर्यादित आणि अनिश्चित आहे, असंच म्हटलं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या बुजलेल्या नलिकांचे फोटो आकर्षक असतात. मात्र काढलेल्या दाताला ना लाळेचा मारा सोसावा लागतो, ना वेदना होते. कोणतं द्रव्य पुढे तपासण्याजोगं आहे, एवढंच त्या फोटोंवरून ठरवावं.

पेस्ट वापरूनही फरक नाही?

आधी घाई झाली का ते पाहा. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट मज्जातंतूंना शांत करतं असं मानलं जातं आणि त्याचा परिणाम रोज दोनदा वापरून काही आठवड्यांत साचत जातो. चार दिवसांत पेस्ट बदलणाऱ्याने ती खऱ्या अर्थाने वापरलेलीच नसते. आर्जिनिन, स्टॅनस फ्लोराइड किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेल्या पेस्ट नलिका बुजवतात, त्यामुळे काहींचा गुण लवकर जाणवतो. पण दिवसभर आंबट पेयांचे घोट चालू असतील किंवा दात जोर लावून खरवडले जात असतील, तर बुजलेलं पुन्हा उघडं पडतं.

निदान चुकलेलं असणं हे त्याहून गंभीर. दुसरं कोणतंही कारण सापडत नाही, तेव्हाच या सणकेला डेंटिनची संवेदनशीलता म्हणतात. कीड, दाताला गेलेली चीर, कडेने गळणारं फिलिंग हे सगळं आधी वगळावं लागतं. ज्या चाचणीत ही गाळणी नीट लावलेली नाही, तिथे निराळेच आजार एका नावाखाली मोजले जातात. स्वतःपुरतं तपासायचं तर इतकं पाहा: गार लागताच आलेली कळ गार दूर होताच गेली पाहिजे. ती मागे रेंगाळत असेल, गरम पदार्थानेही उठत असेल, चावताना एकाच दातात टोचत असेल किंवा रात्री ठणक्याने जाग येत असेल, तर पेस्टवर आणखी आठवडे घालवू नका, दात तपासून घ्या.