डोंगर बोडका न करता लाकूड कसं काढायचं

आपल्याकडे कोकणात लाकूड विकायचं म्हणजे व्यापारी बोलवायचा, तो रस्त्यावरनंच डोंगर बघून उक्ती रक्कम सांगणार आणि चेनसॉवाले येऊन सगळं आडवं करून जाणार, मग पावसात माती सरळ व्हाळात, म्हणजे ओढ्यात. त्यापेक्षा विरळणी करा, म्हणजे दाटीतली थोडीच झाडं काढायची आणि बाकीची वाढू द्यायची, पैसे एकदम मिळत नाहीत पण जंगल राहतं.

आधी ठेवायची झाडं ठरवा, तोडायची नंतर. चुन्याचा पट्टा ठेवायच्या झाडाला मारा, म्हणजे गडी गोंधळत नाहीत. सरळ वाढलेला ऐन, किंजळ, बी टाकणारी जुनी झाडं, वड-उंबर, व्हाळाच्या काठचं सगळं, आणि ढोली असलेला जुना बेहडा किंवा आंबा तर हात लावायचा नाही, धनेशाची मादी त्यातच स्वतःला कोंडून अंडी घालते. तोडायला पहिला नंबर ऑस्ट्रेलियन बाभळीचा, मग दाटीत वाकडी वाढलेली, एकमेकांवर घासणारी. माझ्या मते एका खेपेला दहातली तीन बस, जास्त ऊन आत आलं की रान माजतं आणि वणव्याला आयतंच मिळतं.

कागद आधी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ हे सगळे आहेत, स्वतःच्या जागेत असले तरी परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर कोर्टाची तोडबंदी आहे, तिथे विषयच नको. निसर्ग किंवा तौक्तेसारख्या वादळात पडलेलं झाड असलं तरी ट्रकात भरायच्या आधी वनखात्यात विचारून घ्या, वाहतुकीचा पास नसेल तर गाडी नाक्यावर अडकते.

तोड पाऊस संपून जमीन सुकली की. ऐन-सागाचा बुंधा जमिनीलगत आणि तिरका कापायचा, पाणी साचत नाही. पुढच्या वर्षी त्याला झुडपासारखे फुटवे येतात, त्यातले एक-दोनच ठेवायचे आणि तेही अगदी मातीलगतचे, कारण बुंध्यावर उंच आलेला फुटवा जाड झाला की वाऱ्यात तिथूनच फाटतो.

माल उन्हात टाकू नका हो! ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना लगेच जुना ऑइलपेंट फासा नाहीतर चिरा जातात, फळ्या पाडल्या की मांगरात (शेतातल्या छपरात) सावलीला, मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, वर वजन. गाभा सोडून बाहेरचं पांढरं लाकूड असेल तर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात भिजवा, नाहीतर कीड लागून दिवाळीपर्यंत खालून पीठ पडायला लागतं.

जुन्या घराचे वासे-तुळया मिळत असतील तर नव्यापेक्षा तेच बघा, लाकूड वाळून कधीच बसलेलं असतं, फक्त गिरणीत नेण्याआधी खिळे काढा, लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर ब्लेडचे पैसे गिरणीवाला तुमच्याकडनंच घेणार.

आणि विकताना टेप स्वतःची. व्यापारी मधल्या घेराला चारने भागतो, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतो. म्हणजे ४ फूट घेर, ८ फूट लांबी, तर तो ८ घनफूट धरणार, प्रत्यक्षात ओंडका १० च्या वर भरतो. रीत जुनी आहे, ती बदलणार नाही, पण सालीचं म्हणून वर आणखी इंच-दोन इंच घेर कमी धरायला लागला तर तिथं भांडायचं.