प्रोपेनच्या भट्टीत जाळ मागे पेटायचा, तो असा बंद केला

लोखंड तापवून ठोकायला घरीच बनवलेली भट्टी, डब्याला आतून 2 इंच सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारी लोकरीसारखी गादी), त्यावर रिफ्रॅक्टरी म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सिमेंटचा थर, आणि पाऊण इंची पाइपचा साधा बर्नर, पंखा नाही, गॅसच हवा ओढून घेतो. पहिली दहा मिनिटं मस्त चालायची आणि मग फट फट फट आवाज करत जाळ बर्नरच्या पाइपातच शिरायचा, पाइप बाहेरून लाल व्हायला लागायचा, लगेच गॅस बंद.

मी रेग्युलेटरलाच दोष देत बसलो, प्रेशर वाढवलं की थोडा वेळ थांबायचं पण परत तेच. शेवटी बर्नर सगळा खोलला आणि गॅसच्या टीपमधून (गॅस सुटतो ते बारीक भोकाचं तोंड) एक सरळ बारीक तार पुढे सारून बघितली तर तिचं टोक पाइपच्या मध्यावर नव्हतंच, एका बाजूला घासत होतं! म्हणजे गॅसची धार तिरकी, हवा पुरेशी ओढलीच जात नव्हती. टीप सरळ बसवली. दुसरं म्हणजे ऊब राहावी म्हणून मी भट्टीच्या तोंडाशी दोन विटा अगदी चिकटवून ठेवायचो, त्याने आत प्रेशर साठायचं, त्या जरा सरकवल्या.

आता जाळ एकसारखा गर्जतो, लोखंडी पट्टी नारिंगी-पिवळी होते, हातोड्याखाली मेणासारखी सरकते, बघतच राहावंसं वाटतं.

आणि हो, जोडणी परत केली की साबणाचं पाणी लावून गळती बघाच, आणि भट्टी उघड्यावरच चालवा, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.