हत्तींची झुंज काढायची तर सोंड शेवटी

झुंजणारे हत्ती काढायला घेतले की वर्गात सगळे आधी सोंडेवर तुटून पडतात. सोंडा झकास गुंततात, मागचं धड मात्र निवांत उभं. म्हणून माझ्याकडे सोंड शेवटी.

नमुना म्हणून राजस्थानातल्या कोटा दरबारची रेखाटनं बघा, सतराव्या-अठराव्या शतकांतली. रंग जवळपास नाहीच, सगळी मदार रेषेवर.

कागद जुन्या चित्रकारांसारखा वसली, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेला, मिळाला तर उत्तम. नाहीतर जाड कार्ट्रिज कागद घ्या, काचेवर पालथा घाला आणि गुळगुळीत अकीकाच्या दगडाने किंवा स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटा. न घोटलेल्या कागदावर कुंचला अडखळतो. कुंचला तीन शून्यांचा, सिंथेटिक. कुणी मुंगसाच्या केसांचा दिला तर घेऊ नका, तो बेकायदा आहे.

आता पातळ गेरूने एकच तिरकी रेघ ओढा: मागच्या पायाच्या टाचेपासून पाठीवरून गंडस्थळापर्यंत. समोरच्या हत्तीची तशीच, उलट्या बाजूने. दोन्ही रेघा जिथे भिडतात तिथे कपाळं. एक हत्ती किंचित वर, दुसरा दबलेला. दोघे सारखे काढलेत तर झुंज नाही, कमान होते. चिखलात रुतलेली जीप ढकलणाऱ्या माणसाचं अंग जसं पुढे कलतं, तसं धड कललं पाहिजे.

मागच्या पायांपाशी थांबा. इथे हमखास बैल घुसतो. बैलाच्या मागच्या पायाचा ठळक सांधा मागे टोक काढतो. हत्तीचा गुडघा खाली असतो आणि माणसासारखा पुढे वाकतो. जोर लावताना तो वाकतो, तळवा पसरतो. नखं पुढच्या पायाला साधारण पाच, मागच्याला चार. शेपटी लोंबती ठेवू नका, ताठ उचललेली काढा.

गेरूची रेघ चुकली तर खोडरबर नको. वरून पातळ सफेदा फिरवा आणि पुन्हा काढा. कोट्याच्या रेखाटनांत अशा दबलेल्या रेघा आजही दिसतात, आणि मला तर पक्क्या रेषेपेक्षा त्याच जास्त आवडतात. मग काजळीची शाई, डिंक घातलेली. पोटाखाली आणि गळ्याच्या वळीत रेष जाड, पाठीवर केसासारखी. कानाच्या मागे आणि डोळ्याभोवती सुरकुत्या बारीक, बाकी कातडं मोकळं सोडा. सगळीकडे सुरकुत्या भरल्यात तर वजन जातं.

आता सोंडा. त्या कपाळांच्या दाबातून आपोआप वळतात.

माणसं शेवटी आणि लहान. मानेवर अंकुश घेतलेला माहूत, पाठीमागे दोराला चिकटलेला दुसरा. खाली चरखीवाले: बांबूच्या टोकाला फिरणारं दारूकाम, हत्तींना वेगळं करायला. 1633 साली आग्र्याला यमुनेकाठी सुधाकर नावाचा हत्ती कोवळ्या औरंगजेबावर धावून आला, तेव्हाही चरख्या पेटवल्या होत्या. त्या प्रसंगाचं चित्र पादशहानाम्यात, म्हणजे शहाजहानच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासात, आहे. आम्हा कोल्हापूरकरांच्या साठमारीत माणूसच हत्तीला चिथावून पळायचा. तो खेळ काढायचा असेल तर माणूस मोठा काढावा लागेल.

धूर काढायला शाईचं पाणी करा आणि एकदाच फिरवा, दुसऱ्यांदा हात लावलात की डाग पडतो.